लातूरच्या पत्र्याच्या खोलीतले ब्लूज ट्रॅक : कामाच्या नोंदी

१६ फेब्रुवारी

गिटारच्या क्लासच्या मुलांसाठी ब्लूजचे (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याची एक रीत) बॅकिंग ट्रॅक, म्हणजे सरावाला लागणारी तयार साथ, घरीच तयार करायला घेतलेत. तयार ट्रॅक यूट्यूबवर ढिगाने मिळतात, काही फार सुरेखही आहेत. पण सरावाला बसलेल्या मुलाला त्यांत शिरायला जागाच नसते. ऑर्गन अखंड चालू, त्यावर रिदम गिटार, ड्रमवाला दर चौथ्या बारला काहीतरी भरणारच. मुलाचे चार सूर त्यात बुडतात आणि मग तो आणखी जोरात, आणखी भरभर वाजवायला लागतो. मला साथ कमी आणि मोकळी जागा जास्त हवी आहे, आणि बोटं मोकळी होईपर्यंत तरी ट्रॅक संपायला नको.

ठरवलंय असं : ए पट्टीत मध्यम लयीचा शफल, म्हणजे झुलत्या चालीचा (मिनिटाला ९० ठोके), ए मध्येच संथ ब्लूज (६०) आणि ई मध्ये जरा पळता (१२०). तिन्ही आठ मिनिटांचे. हिशेब छान बसतो. ९० च्या लयीत बारा बारचा (एका बारला चार ठोके) फेरा ३२ सेकंदांचा, म्हणून पंधरा फेरे. १२० ला २४ सेकंदांचा, वीस फेरे. संथ ब्लूजचा फेरा ४८ सेकंदांचा, दहा फेरे.

कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) नेहमीच्याच. चार बार ए७, दोन बार डी७, दोन बार ए७, मग ई७, डी७, ए७ आणि परत वर न्यायला शेवटी ई७. दुसऱ्याच बारला डी७ घ्यायची रीत आहे, पण नवख्या मुलाला ती गोंधळात पाडते. ती नंतर.

२० फेब्रुवारी

ताल आधी. हायड्रोजन हा ड्रम मशीनचा फुकट प्रोग्राम घेतला. शफल म्हणजे एका ठोक्याचे तीन भाग करून मधला गाळायचा. ९० च्या लयीत एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, म्हणजे उपठोका ४४४ व्या मिलिसेकंदाला पडायला हवा. तसा बरोबर पाडला. गणितात चोख, कानाला मेलेला.

आधी वाटलं स्विंग (उपठोका मागे ढकलण्याचं प्रमाण) जास्त झालाय. तो साठ टक्क्यांवर आणून पाहिला, तरी जीव येईना. खरं कारण दुसरंच निघालं : हाय-हॅटचा (ड्रममधल्या झांजेचा) प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा होता. जोर कमी-जास्त केला, उपठोका मुख्य ठोक्याच्या निम्म्याने ठेवला, तेव्हा कुठे चाल आली. मग स्विंग परत मूळ जागी नेला. जे कोणी हे करतील त्यांनी स्विंगच्या बटणाला हात लावण्याआधी ठोक्यांचा जोर बघावा. माझी एक आख्खी संध्याकाळ बटणावर गेली.

तरीही आठ मिनिटं ऐकवत नाही. तोच बार १८० वेळा. माणूस हवा.

२३ फेब्रुवारी

बेस गिटार नाही आणि त्यासाठी घेणारही नाही. साध्या गिटारच्या जाड तारांवर बेसची ओळ वाजवायची आणि रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ती एक सप्तक खाली उतरवायची. रीपर साठ दिवस वापरून बघता येतं, पटलं की साठ डॉलरचा परवाना. उतरवलेला आवाज घरच्या स्पीकरवर भरदार वाटला.

मुलांना पाठवला. उत्तर आलं, "सर, बेस कुठंय?" लेकरं फोनवर ऐकतात. ए ची तार सप्तकभर उतरवली की ५५ हर्ट्झला जाते आणि फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. उपाय असा केला की न उतरवलेली मूळ ओळ (११० हर्ट्झ) उतरवलेल्याच्या खाली बारीक आवाजात तशीच ठेवली. आता फोनवर चाल कळते आणि मोठ्या स्पीकरवर वजनही राहतं.

२ मार्च

गुणगुण. सगळ्या रेकॉर्डिंगमागे एकसुरी घूं. तारेला हात लावला की कमी, सोडला की परत. म्हणजे अर्थिंगचा घोळ.

पहिला उपाय सॉफ्टवेअरचा केला. ५० आणि १०० हर्ट्झला बारीक चिमटा लावून तेवढाच आवाज कापायचा. घूं गेली, पण बेसच्या ओळीतला जी पण गेला. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवरचा जी ९८ हर्ट्झवर आहे, चिमटा १०० वर. ए७ मधला तोच तर कोमल निषाद, ज्याच्यावर सगळी चव! तेव्हा हा रस्ता बंद.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास व्होल्टेज दिसायला पाहिजे, इथं फारच कमी. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. ऊन्हाळा अजून लागायचाय तरी काळी माती भेगाळली आहे. त्यांनी मीठ-कोळसा नव्याने भरला, पाणी ओतलं. मजुरी ३०० रुपये. हे आवाजापुरतं नाही, जिवाच्या दृष्टीनेही करायलाच हवं होतं. तुमच्याकडेही गिटारला हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर आधी खड्डा बघा.

थोडी किरकिर उरली होती ती लॅपटॉपच्या चार्जरची. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग केलं, एलईडी ट्यूब बंद केली, आवाज स्वच्छ. त्याच रात्री लाइट गेली आणि अंधारात केलेला टेक या कामातला सगळ्यात निवांत निघाला. तेव्हापासून लाइट गेली की मी रेकॉर्डिंगला बसतो.

५ मार्च

खोलीचा आवाज. वर पत्रे, तिन्ही भिंती उघड्या विटांच्या, टाळी वाजवली की झणझणतं. घरातल्या जुन्या वाकळी दोरीवर टांगल्या, दोन भिंतींपुढे आणि एक डोक्यावर. खर्च शून्य, फरक मोठा. भिंतीला चिकटवून टांगू नका, वीतभर अंतर ठेवा.

१० मार्च

इंटरफेस (गिटार-माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र) वापरलेला घेतला, दोन इनपुटचा, ६,५०० ला. माइक १,८००, केबली मिळून ७००. वाजवलेलं हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येत होतं. बफर (लॅपटॉप आवाज थोडा साठवून पुढे पाठवतो तो साठा) १०२४ सॅम्पलवर होता, तेवढ्याने २३ मिलिसेकंद जातात. १२८ वर आणला, जेमतेम तीन. मिक्सिंगला परत वाढवायचा, नाहीतर लॅपटॉप अडखळतो.

१६ मार्च

आज तबला. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाला साथ करणारे काका आले. मूळचे मानवतकडचे, हात गोड. संथ ब्लूज त्यांच्याकडूनच करून घ्यायचा हे मनात होतं, कारण त्यात बारच्या चार ठोक्यांपैकी प्रत्येकाचे तीन भाग पडतात आणि ते मशीनवर जिवंत वाटत नाही.

मी समजावत होतो, बारा बारचा फेरा, एका बारला चार ठोके. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "सर, तुमी बारा म्हणायलाव अन् बोटावर चारच मोजायलाव. अन् पायानं तर तीन चालू हैत."

मग कागद बाजूला ठेवला. चार ठोके गुणिले तीन म्हणजे बारा मात्रा, म्हणजे एका बारमध्ये दादऱ्याची दोन आवर्तनं. काका लगेच : "मग सरळ सांगा की, चोवीस दादरे झाले की सम." त्यानंतर एकदाही मोजायला लागलं नाही.

पण पहिला टेक ऐकला तर भावगीत! सुंदर, पण ब्लूज नाही. कान लावून बसलो तेव्हा उलगडलं. दादऱ्याची सम बारच्या पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर येते, खाली (हलकी मात्रा) दुसऱ्या आणि चौथ्यावर. ब्लूजमध्ये स्नेअर (ड्रममधला कडक ठोका) पडतो तो नेमका दुसऱ्या-चौथ्यावर. म्हणजे ब्लूजला जिथे वजन पाहिजे तिथेच काका हात हलका करत होते, आणि त्यांच्या शास्त्राप्रमाणे तेच बरोबर होतं.

खालीच्या मात्रेवर जोर द्या असं सांगून पाहिलं. दोन-चार आवर्तनं जमायचं, मग हात आपल्या सवयीने परत समेकडे. इतक्या वर्षांची घडण मोडायला सांगणं मला बरंही वाटेना. शेवटी तबला आहे तसाच ठेवला आणि क्लासच्या मुलांना गोल उभं करून खालीच्या मात्रेवर टाळी वाजवायला लावली. वाकळींच्या मध्ये एकच माइक. टाळी पडली आणि सगळं जागेवर बसलं. खाली तबल्याचा दादरा झुलतोय, वर दुसऱ्या-चौथ्याला टाळी, आणि मधली जागा पूर्ण रिकामी. काकांनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं, परत लावला, परत ऐकलं.

आणखी एक अडलं. काका प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेत होते. कोणताही तबलजी घेईल. पण अकराव्या-बाराव्या बारला गिटारचं आपलं बोलणं असतं, तिथून तर फेरा वळतो. तिहाईने ती जागा भरून टाकली. तिहाई फक्त शेवटच्या फेऱ्याला घ्यायची असं ठरलं.

क्लिकशिवाय (लय दाखवणाऱ्या टिकटिकीशिवाय) घेतलेल्या टेकमध्ये लय वाढत गेली. पहिला फेरा ४८ सेकंदांचा, शेवटचा ४४ च्या आत. क्लिक दोन्ही कानांत दिला तर काकांना तबलाच ऐकू येईना. एका कानात क्लिक, दुसरा कान उघडा, हे चाललं.

२२ मार्च

पेटी. मंडळातलेच पेटीवाले बुवा. ऑर्गनच्या जागी पेटी ठेवायची हे आधीपासून ठरलेलं होतं, कारण ती घरोघरी आहे आणि तिचा भाता श्वास घेतो.

बुवांनी आधी पूर्ण कॉर्ड धरली, मग हळूहळू गिटारची नक्कलही सुरू केली, भजनात करतात तशी. ऐकायला गोड, पण जागा परत भरली. मी विनंती केली की दोनच बोटं वापरायची. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांच्यासाठी हे नीट लिहून ठेवतो, कारण या सगळ्या कामातली हीच सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

पट्टी पांढरी सहा (ए). ए७ साठी काळी एक आणि वरची पांढरी पाच. डी७ साठी दोन्ही बोटं अर्धा-अर्धा सूर डावीकडे : पांढरी एक आणि काळी तीन. ई७ साठी मूळ जागेपासून अर्धा-अर्धा सूर उजवीकडे : पांढरी दोन आणि काळी चार. बस. षड्ज बेस सांभाळतो, पेटीत तो नकोच. या दोन सुरांतच कॉर्डचा सगळा रंग असतो, आणि ऐकणाऱ्या मुलाला कॉर्ड बदलली हे न सांगता कळतं.

बुवांनी बोटं डावीकडे-उजवीकडे सरकवून बघितली आणि त्यांना ते फार आवडलं. मी वरून गिटार वाजवली तेव्हा मात्र ते थांबले. पेटीत शुद्ध गंधार, गिटारवर कोमल. "दोन्ही गंधार एकदमच? जोगात येतात दोन्ही, पण पाठोपाठ येतात." मुलं ज्या पाच सुरांवर वाजवतात ते सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानीचे सूर, हे त्यांना ओळखू आलंच होतं. मी तार ओढून कोमल गंधार शुद्धाच्या दिशेने चढवत नेला, पुरता पोचू दिला नाही. बुवा म्हणाले, "हां, हे गळ्यातलं हाय. पेटीत नाही निघायचं." खरं आहे. म्हणूनच पेटीने आपल्या जागी स्थिर राहायचं आणि गिटारने तिच्या अंगावर घासत जायचं.

२३ मार्च

कालचं रेकॉर्डिंग ट्यूनर लावून तपासलं. पेटी ४४० च्या पट्टीपेक्षा (ए म्हणजे ४४० हर्ट्झ, हे ट्यूनरचं माप) वर आहे, अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले बारा. मुलं फोनच्या ट्यूनरवर गिटार लावतात, त्यांना हे टोचणार. रेकॉर्डिंग तेवढंच, ०.१२ सेमिटोन, खाली घेतलं. कानाला काही बिघाड जाणवत नाही.

तबल्याचं आधीच बघून ठेवलं होतं म्हणून वाचलं. काका सवयीने पेटीला लावून घेतात. त्यांना फोनवरचा तंबोरा ४४० ला लावून दिला होता आणि तबला पांढरी तीनवर, म्हणजे पंचमात. तो सूर ए७ मध्ये आहे, ई७ चा तर षड्जच, आणि डी७ वर टोचत नाही. पेटी आधी आणून तिच्यावर तबला लावला असता तर दोन्ही उतरवावे लागले असते. भात्याची करकर दोन-तीन ठिकाणी आली आहे, ती तशीच ठेवली.

३० मार्च

पाडव्याच्या सुट्टीत मिक्सिंग. पेटीतला एक ते तीन किलोहर्ट्झचा भाग चार डेसिबलने खाली केला, कारण सोलो गिटारचा आवाज तिथेच पुढे येतो. बेस सोडून सगळ्यांचं १०० हर्ट्झच्या खालचं कापलं. पूर्ण ट्रॅकचा कळस उणे सहा डेसिबलला ठेवला. तयार ट्रॅकसारखा दणदणीत वाटत नाही आणि तसा वाटायलाही नको. मुलाची गिटार त्याच स्पीकरमधून त्याच्यावर येणार आहे.

६ एप्रिल

मुलांबरोबर पहिली चाचणी. अकरावीतल्या एका मुलीने संथ ट्रॅकवर दोन सूर वाजवले आणि थांबली. वाट पाहिली. परत दोन. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ट्रॅकमध्ये जागा असली की हात आपोआप थांबतो, ही माझी अटकळ होती आणि ती प्रत्यक्ष समोर बघायला मिळाली.

सगळ्यांना हे होत नाही. काहीजण रिकामी जागा दिसली की भरतातच. त्यांच्यासाठी वेगळा ट्रॅक करावा लागेल.

१२ एप्रिल

तो ट्रॅक केला. सवाल-जवाबाचा. ब्लूजच्या गाण्यात ओळ म्हणतात, तीच परत म्हणतात, मग तिसरी ओळ तिचं उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार, त्यातले साधारण दोन गळ्याचे आणि दोन वाद्याचे. तेच धरून पेटी पहिल्या दोन बारला वाजते आणि पुढच्या दोन बारला भाता बंद. तबला, टाळी, बेस चालूच. पेटी गप्प असताना मुलाने बोलायचं, पेटी आली की थांबायचं. फेऱ्यात तीन वेळा.

पेटीने दोन बार काय वाजवायचं यावर काका, बुवा आणि मी बसलो होतो. काकांनी विचारलं, हे वाजवणारे लोक कोण, काय करायचे. बी. बी. किंगबद्दल सांगितलं. १९२५ चा जन्म, मिसिसिपीतला, लहानपणी कापूस वेचत होता. काका म्हणाले, आमच्याकडं रानात भलरी चालायची, एकानं ओळ टाकायची अन् बाकीच्यांनी उचलायची, हात थांबू द्यायचा नाही. आणि त्यांनी एक ओळ धरली. बुवांनी तिचा पहिला तुकडा पेटीवर उचलला, शेवटचा सूर खाली सोडून दिला. तोच सवाल म्हणून ट्रॅकमध्ये घेतला. पांढरी सहामध्ये तो इतका चपखल बसला की दुसरा शोधायची गरजच पडली नाही. टाळी वाजवणारी मुलंच आता तो तुकडा गुणगुणतात.

२० एप्रिल

लग्नसराई. डीजेमुळे रात्री अकराच्या आत माइक उघडता येत नाही. काम बंद.

२६ एप्रिल

फाइली. एका फेऱ्याची एमपीथ्री करून ती लूपवर लावायची असं डोक्यात होतं, फाइल लहान राहते म्हणून. पण दर फेऱ्याला बारीक उचकी येते. एमपीथ्री बनताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते, आणि साध्या प्लेअरला ती गाळता येत नाही. तेव्हा लूप नाही, सरळ आठ मिनिटांची सलग फाइल. १९२ च्या दर्जाची एमपीथ्री साडेअकरा एमबी होते. ज्यांना कॉम्प्युटरवर लूप करून त्यावर स्वतःचं काही रचायचंय त्यांच्यासाठी वेव्ह फाइल, साधारण ८५ एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

रचणाऱ्यांसाठी तबला, टाळी, पेटी, बेस अशा चार वेगळ्या फाइलीही ठेवल्या आहेत. चारही एकाच क्षणी सुरू होतात, त्यामुळे एकाखाली एक टाकल्या की जुळतात. एका मुलाने फक्त टाळी आणि बेस घेऊन त्यावर आपल्या आजीची ओवी लावली आहे. अजून कच्ची आहे, पण तिसरी ओळ उत्तरासारखी येते.

४ मे

खर्च : इंटरफेस ६,५००, माइक १,८००, केबली ७००, अर्थिंग ३००, काका आणि बुवांना प्रत्येकी १,५०० मानधन. एकूण १२,३००. मानधन ते घेत नव्हते, आग्रहाने दिलं. घरचा माणूस असला तरी साथीचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे. रीपरचा परवाना यात धरलेला नाही, तो जूनमध्ये घेईन.

९० चा शफल, संथ आणि सवाल-जवाब हे तीन तयार आहेत. शफलला शेवटी तबला घेतलाच नाही. मशीनचे ड्रम आणि मुलांची टाळी, एवढ्यावर तो उभा राहिला. टाळी थोडी पुढेमागे होते, त्यामुळे १८० बार आता एकसारखे वाटत नाहीत. ई चा १२० चा ट्रॅक राहिलाय. बुवांना त्यासाठी दोन बोटांच्या जागा नव्याने बसवाव्या लागतील : ई७ ला पांढरी दोन-काळी चार, ए७ ला दोन्ही अर्धा-अर्धा सूर डावीकडे, बी७ ला उजवीकडे. काका लग्नांच्या सुपाऱ्यांत अडकलेत, जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो म्हणालेत. पाऊस पत्र्यावर पडायला लागायच्या आत ते उरकायचं आहे.